आप्पांचा तळहात

टण्ण! पुरणाच्या पातेल्यावरचं झाकण चुलीपुढं पडलं आणि नुकतं निजलेलं बाळ पाळण्यात दचकलं. तोवर घरात सामसूम होती. पुरुषमंडळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पुण्याच्या प्रोफेसरांचं व्याख्यान ऐकायला गेली होती. माझी चंदनाही आजोबांचं बोट धरून गेली होती. खरं तर बोट आजोबांनी तिचं धरलं होतं, पण आमच्या घरात तसं म्हणत नसत.

आप्पा, म्हणजे माझे सासरे, बोरगावातलं मोठं प्रस्थ. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. मागच्या आठवड्यात ते पाण्याच्या घागरीला "जरा बाजूला हो गं" म्हणाले, तर सासूबाईंनी मुकाट्यानं घागर सरकवली.

चंदना चौथी पास झाली होती. गावातली मुलींची शाळा तिथंच संपायची. निपाणीला तिची आत्या होती, तिच्याकडं राहून पुढं शिकता आलं असतं. यजमानांच्या तोंडून मी विषय काढला. आप्पा म्हणाले, "प्रोफेसर जेवायला येणार हाईत. त्येंनाच इचारतो. ते म्हणतील तसं."

प्रोफेसर मगदूम कॉलेजात गणित शिकवायचे. व्याख्यानही गणिताच्या इतिहासावरच होतं. असा माणूस पोरीच्या शिकण्याला नको कशाला म्हणेल? म्हणून मी पहाटेपासून त्या पुरणावर जीव लावून बसले होते.

व्याख्यान लांबलं. चंदना धावत स्वयंपाकघरात आली ती बोलतच.

"आई, तासाला साठ मिनिटं का, ठावं हाय? बाबिलोनची माणसं साठानं मोजायची म्हणून! आणि शून्य आपलं. ते अरबांनी नेलं, मग गोऱ्यांनी घेतलं. गोऱ्यास्नी मोजायला आपणच शिकवलं, आता स्वराज्य मिळालंच पायजे म्हणाले."

"बरं बरं. हात धू."

"आणि आपल्या मुनींनी अनंताचेबी प्रकार पाडलेत. एक अनंत दुसऱ्यापेक्षा मोठं असतंय! जर्मनीतल्या एकाला ते आत्ता कुठं कळलं."

"शेवटी काय म्हणाले?"

"गणित आपल्या रक्तातच हाय म्हणाले. लई टाळ्या पडल्या."

पोरीचं रक्त माझ्यासमोर नाचत होतं. मुलगी म्हणून त्यातलं गणित गाळून काढलेलं मला तरी दिसलं नाही.

सोप्यात पानं मांडली. बाहेर आभाळ काळंभोर भरलेलं. आम्ही दिवस मावळल्यावर जेवत नाही. पावसाळ्यात सूर्यच दिसत नाही, तेव्हा तळहात बघायचा, रेषा दिसतायत तोवर जेवायचं. घरातल्या वडीलधाऱ्यानं बघायचं आणि बाकीच्यांनी मानायचं, ही आमची जुनी रीत.

मी पोळीवर तूप सोडणार, एवढ्यात आप्पांनी हात डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. पुन्हा जवळ आणला.

"दिवस बुडाला," ते म्हणाले. "रेषा दिसंनात."

प्रोफेसरांनी खिशातलं घड्याळ काढलं. "आप्पासाहेब, पंचांगाप्रमाणं सूर्यास्ताला अजून पंधरा मिनिटं आहेत."

"मिनिटं परक्या मुलखातली, तुमीच सांगितलंसा. हात माझा हाय."

पंगतीतल्या प्रत्येकानं हळूच आपापला तळहात पाहिला आणि मांडीखाली घातला. यजमानांनीसुद्धा. मी दाराआड माझा पाहिला. रेषांत बसलेली हळदही स्पष्ट दिसत होती. मी हात पदरात घेतला.

चंदना मात्र आजोबांच्या हातावर वाकली.

"दिसत्यात की, आप्पा! ही बघा, मोठी हितनं वर गेलीया. ही मधीच तुटलीया. तुमास्नी दिसत न्हाई व्हय?"

"कार्टीला आत घे गं," सासूबाई कुजबुजल्या.

आप्पांनी मूठ मिटली. "प्रोफेसर, एक इचारायचं राहिलंच. ह्या पोरीला निपाणीला शिकायला धाडावं का?"

प्रोफेसरांनी आप्पांच्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग माझ्या पोळ्यांच्या चळतीकडं.

"स्त्रीशिक्षण चांगलंच," ते म्हणाले. "पण आपल्या समाजात ती वेळ अजून आलेली नाही."

घड्याळ त्यांच्या हातात उघडंच होतं.

मंडळी पाणीसुद्धा न घेता उठली. ती अंगणात पोचली तोच पश्चिमेला ढग फाटला आणि तांबूस ऊन सगळ्यांच्या पाठीवर पडलं. आप्पा दारातून म्हणाले, "पायाखाली बघून जावा, अंधार पडलाय."

प्रोफेसर खरोखरच चाचपत पायरी उतरले.

पोळ्या म्हशीच्या वाट्याला गेल्या. तिनं कुणाचा हात बघितला नाही.

चंदना रडली नाही. बाळाला थोपटत मी बसले होते, तर माझ्या मांडीला टेकली आणि माझा हात उलटा करून बघत राहिली.

"तुला दिसत होत्या नव्हं, आई?"

मी मानेनंच हो म्हटलं. तिच्या केसांतला बस्तीतल्या धुपाचा वास अजून गेला नव्हता. ती बराच वेळ माझ्या रेषांवरून बोट फिरवत होती.

"मग मीबी दिसत न्हाईत म्हटलं असतं, तर मला शाळंत धाडलं असतं का गं?"