मत नसलेल्या सदस्याची खुर्ची

मासळी विकणाऱ्या बायकांच्या संस्थेतर्फे प्रभाग समितीवर माझी नेमणूक झाली, तेव्हा आम्ही आळीभर पेढे वाटले. पहिल्याच बैठकीत कळलं, मला बोलता येईल, पण मत देता येणार नाही. मत फक्त निवडून आलेल्यांना.

"मंग तुला बोलवतान कशाला?" माझ्या सासूने, मालूने विचारलं. खरं सांगते, मलाही तेच कुतूहल होतं.

सुरुवातीला मागच्या खुर्चीत बसून बिस्किटं खाण्यापलीकडे मी काही केलं नाही. मग विषय आला तो आमचाच. कळव्यातला आमचा मासळी बाजार हलवून तिथे पार्किंग करायचं आणि बायकांना नाल्यापलीकडे नवे ओटे द्यायचे. मालू बसते ती जागा तिच्या सासूची. पुढे माझी.

मी उठले. "नव्या ओट्यांवर पाणी कुठून येणार? मासळी धुवायची कशात?"

"चांगला मुद्दा आहे. नोंद घेतो. बसा मॅडम," सभापती म्हणाले आणि मतदानाकडे वळले.

मी बसले नाही. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. आमच्या बाजारात जिची तक्रार असते ती पाटावरून उठते आणि निकाल लागेपर्यंत टेकत नाही. शेजारणीही तोवर कोयते खाली ठेवतात. मला आपलं वाटलं, इथेही तसंच असेल.

चहा आला, तो मी उभ्यानंच प्यायले. हात वर करायला सांगितलं, तर निम्मे हात अर्ध्यावरच घुटमळले.

"अहो, ह्या अजून उभ्या का?" कुणीतरी कुजबुजलं.

शेवटी कुंडलिकदादांनी हात खाली घेतला. प्रस्ताव आणणारे नगरसेवक हेच. "इंजिनिअरसाहेब, पाण्याचं काय ते सांगून टाका ना. बाई ताटकळल्यात."

कोपऱ्यात बसलेल्या पालिकेच्या इंजिनिअरसाहेबांनी घाम पुसला. पाण्याची लाइन आराखड्यातच नव्हती. सोय होईपर्यंत विषय पुढे ढकलला गेला. तेव्हा मात्र मी टेकले, आणि पाय किती दुखतायत ते कळलं.

पुढच्या बैठकीला शिपायाने माझी खुर्ची पहिल्या रांगेत आणून ठेवली होती. सभापतींनी स्वतः स्वागत केलं. "या हेमांगीताई. बसा, बसा ना."

एवढा मान बघून मला हसूच आलं.

"बसते की," मी उभ्यानंच म्हटलं. "नळ आला का?"