शेवटच्या रिळातली वाकळ

मित्रांनो, कपाटात वरच्या फळीवर जुन्या टॉवेलात गुंडाळलेला जो कॅमेरा आहे, तो मी. रिळाचा. तुमच्यापैकी अनेकांनी रीळ पाहिलेही नसेल. माझ्या पोटात काळोख असतो आणि फोटो त्या काळोखात राहतात. रीळ धुऊन होईपर्यंत त्याला उजेड दाखवायचा नसतो.

कोल्हापुरात लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाकडून आकाराम सरांनी मला १९९३ साली घेतले. सर शाळेत चित्रकला शिकवत. तोवर मी हार आणि मुंडावळ्याच पाहिल्या होत्या. सरांनी मला शाहूवाडीच्या उतारावरच्या भातखाचरांच्या पायऱ्या दाखवल्या. चपलेवरची कातड्याची वेणी, कापलेल्या कोबीच्या आतल्या घड्या दाखवल्या. "नक्षी काढायच्या आधी ती सापडावी लागते," असे ते मुलांना सांगत आणि मी टिपलेले फोटो वर्गात फिरवत. कोबी पाहून एका मुलीने लुगड्याचा काठ काढला. सरांनी तो भिंतीला लावला. ते माझे चांगले दिवस होते.

माणसांचे फोटो मात्र सर काढत नसत. त्यांची मुलगी क्रांती चिडवायची, "आप्पा, कोबीचा फोटो हाय, आईचा न्हाय!"

"कोबी हलत न्हाय."

"आनि मी काय नाचतोय व्हय?" तानाबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या.

दर खंडेनवमीला घरातल्या हत्यारांबरोबर माझीही पूजा होई. सर सकाळीच आतले रीळ काढून ठेवत, मग अंगणातल्या उन्हात माझे झाकण उघडून धूळ पुसत. तानाबाई ताट घेऊन येत तेव्हा झाकण उघडेच असे. त्याआधीचे त्यांनी कधी पाहिले नव्हते.

पुढे बिनरिळाचे कॅमेरे आले आणि मी कपाटात गेलो. २००७ च्या उन्हाळ्यात सर अंथरुणाला खिळले. तानाबाई उशाशी बसून जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत. टाके कडेकडेने फिरत आत आत जात. सर ते दिवसभर बघत. एके दुपारी त्यांनी मला मागून घेतले, रीळ भरले आणि पडल्या पडल्याच त्या टाक्यांचे फोटो काढले. मग मला हळूच वर उचलले.

"हिकडं बघ."

"आता? क्यास तरी बघा माझं!"

त्यांनी पदर तोंडाला लावला, मग बाजूला केला. मित्रांनो, तो चेहरा मी घेतला.

पावसाळ्यात सर गेले. रीळ माझ्या पोटातच राहिले.

त्या वर्षी घरात सण नव्हता. "तरी त्यांचं हत्यार बिनपुजंचं ऱ्हायला नगं," म्हणत तानाबाईंनी मला उन्हात नेले आणि झाकण उघडले. आतली पट्टी त्यांनी काठ सोडवावा तशी सगळी बाहेर काढली, पदराने पुसली, पुन्हा गुंडाळून आत ठेवली. हळदकुंकू लावले. इतक्या मायेने मला कुणीच पुसले नव्हते.

दिवाळीला क्रांती आली आणि रीळ धुवायला मला सोबत घेऊन गेली. स्टुडिओवाला म्हणाला, "ताई, ह्येला उजेड लागलाय. सगळं काळं झालंय. उघडलं कुणी?" क्रांतीने रिळाच्या डबीवर उमटलेले कुंकवाचे बोट पाहिले आणि डबी मुठीत मिटली.

घरी तानाबाई वाकळेवर वाकल्या होत्या. "आलं का फोटू?"

"रीळ कोरंच होतं, आई. आप्पांनी काय काढलंच न्हवतं."

सुई थांबली.

"म्हंजे मला उगंच बघ म्हणाले व्हय," तानाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, काढला."

क्रांतीने तोंड उघडले. फोटो होता म्हणावे, तर तो गेला कसा हेही सांगावे लागणार होते. तिने वाकळेचे दुसरे टोक मांडीवर ओढून घेतले. तानाबाईंनी पुढचा टाका घातला.

मित्रांनो, मला जपा असे मी सांगणार नाही. मला जपलेच होते. जो माणूस आपली वस्तू सांभाळतो, त्याच्याजवळ सकाळपासून बसा. झाकण उघडण्याआधी तो काय करतो ते बघा, आणि तो आहे तोवर विचारा.

अजूनही खंडेनवमीला तानाबाई मला उन्हात नेतात आणि झाकण उघडतात. आत आता काही नसते, म्हणून त्यांना कुणी अडवत नाही.