वॉटर्लूला पोचलेला ढोल

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे आणि मी भयंकर रागावलेलो आहे. जुन्या वस्तूंनी आपलं दुःख गोड आवाजात सांगावं, अशी तुमची अपेक्षा असते. आज ते माझ्याच्यानं होणार नाही.

माझा जन्म प्रशियातला, म्हणजे आताच्या जर्मनीतला. अंग पितळेचं, त्यावर ठोकून काढलेला गरुड आणि वर वासराचं कातडं. तेव्हा फ्रान्सच्या नेपोलियन बादशहानं युरोप पायाखाली घातला होता. एकटादुकटा राजा त्याच्यापुढे टिकेना, म्हणून इंग्रज, प्रशियन, डच, ऑस्ट्रियन, रशियन अशा एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांनी एकजूट केली. १८१५ साली वॉटर्लूच्या मैदानावर इंग्रज आणि त्यांच्या सोबतचे डच, जर्मन शिपाई सकाळपासून झुंजत होते. आमच्या म्हाताऱ्या सेनापतीनं त्यांना शब्द दिला होता, "आम्ही येतो."

दोनच दिवसांपूर्वी नेपोलियननं आम्हाला झोडपून काढलं होतं. कितीतरी शिपाई लंगडत होते. तोफा चिखलात रुतत होत्या. तरी आम्ही निघालो. दिवस कलायला लागल्यावर पोचलो, पण पोचलो! त्या चिखलातून मी वाजत गेलो. ज्या शिपायाच्या गळ्यात मी होतो, तो तिथेच पडला.

पुढे एका इंग्रज अधिकाऱ्यानं आठवण म्हणून मला उचलून घरी नेलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या माझ्या डोक्यावर फुलांची कुंडी होती. आल्या-गेल्याला सांगितलं जाई, "हा आपला ब्रिटिश ढोल. वॉटर्लू आपण जिंकलं." आपण! पोटावर एवढा मोठा गरुड असून कुणाला दिसू नये? माझा नुसता जळफळाट होई.

२००५ च्या उन्हाळ्यात एका कार बूट सेलमध्ये, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुनंपानं विकायच्या बाजारात, यशोधननं मला विकत घेतलं. हा मूळचा पुण्याचा, राहायला हॅरोत, नोकरी बेसिंगस्टोकच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि गणपतीत ताशा वाजवायची भारी हौस. त्याची दहा वर्षांची मुलगी वरदा मात्र वाजवण्याआधी वाचणारी. लायब्ररीतलं पुस्तक माझ्या पोटाशी धरून ती ओरडली, "बाबा, हा ब्रिटिश नाहीये! प्रशियन आहे. दे केम, बाबा!"

मी तिच्यावर जीव ओवाळून टाकला.

शाळेत तिच्या वर्गाची वॉटर्लूवर असेंब्ली, म्हणजे सगळ्या शाळेपुढे आणि पालकांपुढे कार्यक्रम, होती. फळ्यावरच्या चित्रांत सगळे लाल कोटवाले इंग्रजच. वरदानं बाईंच्या मागे लागून 'संध्याकाळी आलेल्यां'बद्दल बोलायची परवानगी मिळवली. यशोधन खूश झाला.

"ग्रेट! पानिपतावर आपल्याला असे मित्र मिळायला हवे होते. ऐनवेळी सगळ्यांनी पाठ फिरवली. तू बोल, मी शेजारी उभा राहून ढोल वाजवतो."

"याल नक्की? मागच्या असेंब्लीला आला नव्हतात."

"प्रॉमिस!"

असेंब्लीच्या आदल्या दिवशी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं विसर्जन होतं. यशोधन वरदाला न विचारता मला मंडळाच्या हॉलच्या कार पार्कमध्ये घेऊन गेला. हवा दमट, माझं कातडं सैल. त्यानं कागद पेटवले. त्याचा मित्र कुशल म्हणाला, "अरे, अँटिक आहे तो, जपून!"

"दोन काड्यांनी वाजतो ना? मग ताशाच की! शेक दिला की चढेल."

नेपोलियनच्या तोफांतून वाचलेलं माझं कातडं त्या जाळावर टर्रकन फाटलं. वरदा धावत आली. "बाबा, माझा ढोल फुटला!" म्हणून ती रडली. तो खाली मान घालून उभा राहिला.

सकाळी तो ऑफिसच्या कपड्यांत. "अगं, आज सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, जायलाच हवं. आणि फुटक्या ढोलावर मी काय वाजवणार?"

वैजयंती, म्हणजे वरदाची आई, हॉस्पिटलमधून नाइट ड्यूटी करून नुकतीच आली होती. ती कडाडली, "ढोल फुटलाय, तू नाही! लाज वाटते म्हणून पळतोयस. जा तिच्याबरोबर."

त्यानं गाडी काढली आणि तो गेला. मग वैजयंतीच बूटसुद्धा न काढता परत बाहेर पडली. शाळेच्या हॉलमध्ये पालकांच्या रांगेत ती डोळे ताणून जागी बसली.

वरदानं मला गळ्यात अडकवलं. पट्टा तिला मोठा होत होता. इंग्रजीत ती म्हणाली, "हे सैनिक आधी हरले होते. त्यांना लागलं होतं. पण येतो म्हणाले होते, म्हणून ते आले." मग ती थांबली. इथे ढोल वाजायचा होता. तिनं दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

बाईंनी हळूच विचारलं, "बाबा येणार होते ना?"

"येणार होते," वरदा म्हणाली, "पण माझ्याचमुळे उशीर झाला. मी त्यांना वेळ चुकीची सांगितली."

खोटं! साफ खोटं! त्या पोरीनं बापाची चूक स्वतःच्या अंगावर घेतली, आणि माझ्या पोटात ओरडायला आवाज उरला नव्हता.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, आगीपासून लांब ठेवा, हे मी सांगायलाच हवं. पण कातडं फाटल्याचा राग मी केव्हाच सोडला. दुसरा राग सुटत नाही. जिथे येतो म्हणालात तिथे जा. हरलेले असा, हातून काही फुटलेलं असो, तोंड दाखवायची लाज वाटो, लंगडत जा, उशिरा जा, पण जा. यशोधन, हे मी तुलाच सांगतोय.