मिस्त्रीनं घेतलेला चहा

"सकाळपासून कुणी चालू केली नाही ना?" सहादूनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तळहात बॉनेटवर ठेवला.

बॉनेट गार होतं. गाडीचे मालक निवृत्ती मास्तर पायरीवरून म्हणाले, "तुमचा निरोप होता ना मिस्त्री. कालपासून किल्लीला हात लावला नाही."

सहादूची ती पहिली अट असे. रात्रभर झोपलेली गाडी सकाळी कशी उठते ते बघायचं. बॉनेट कोमट लागलं तर तो आल्या पावली परत फिरे. एसटीच्या वर्कशॉपात तेहतीस वर्षं काढून तो निवृत्त झाला होता. म्हसरूळपासून मनमाडपर्यंत कुणी जुनी गाडी बघायला निघालं की मुलगी बघायला वडीलधाऱ्याला न्यावं तसं त्याला सोबत नेत. तो एक पैसा घेत नसे. गाडी तपासून झाली की मालकाच्या घरून चहा येई. गाडी खोटी असेल तर सहादू कपाला हात लावत नसे, "पित्त आहे" म्हणून उठे. चहा घेतला, तर गाडी पास. त्यापुढे कुणी काही विचारत नसे.

आज सिन्नरला तो स्वतःच्या लेकीसाठी आला होता. तेजल पेठच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. वडापच्या जीपमध्ये दाराला लोंबकळत सावळघाट उतरायचा तिला वीट आला होता. जावई रवीनं ही बारा वर्षांची पांढरी गाडी हेरली होती, आणि दोघंही आज सोबत आले होते.

सहादूनं सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला. आत पुराचा गाळ नव्हता. ऑइलचं झाकण उघडून वास घेतला. दाराच्या बिजागऱ्यांवरचा रंग नखानं खरवडून बघितला. सगळं चोख होतं. मग त्यानं पिशवीतून हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर काढला. मास्तरांच्या शेजारचे दोघे कुंपणापाशी येऊन उभे राहिले. हेच तर बघायला लोक जमत. रवीनं गाडी चालू केली. सहादूनं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

त्याला काहीही ऐकू आलं नाही.

त्यात नवीन काही नव्हतं. दोन वर्षं झाली होती. आधी उजवा कान गेला, मग डावाही त्याच वाटेनं निघाला. समोर बसून कुणी बोललं तर त्याला कळे, पण गाडीच्या पोटातलं बोलणं बंद झालं होतं. त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं, मालनबाईलासुद्धा नाही. सांगितलं असतं तर रविवारी सकाळी त्याच्या दारात कोण आलं असतं? हात आणि डोळे शाबूत आहेत, तेवढ्यावर भागतं, असं तो स्वतःला सांगे. आणि आतापर्यंत भागलंही होतं. निदान तक्रार घेऊन कुणी आलं नव्हतं.

"इंजिन एकदम ओके," तो डोळे उघडून म्हणाला.

मग सगळे गाडीत बसले. मोहदरी घाटापर्यंत जाऊन यायचं ठरलं. गाडीनं वेग घेतला तसे मागे बसलेले मास्तर पुढे वाकून जरा मोठ्यानं म्हणाले, "मिस्त्री, समोरून हे घूं येतंय ना, ते काय असावं? महिनाभर झाला. मी आपलं आधीच सांगितलेलं बरं."

"हो बाबा, मलाही येतंय," तेजल म्हणाली. "वेग वाढला की वाढतंय."

सहादूनं मान तिरकी केली. पायाखाली फक्त एक थरथर होती, ती तर सगळ्याच जुन्या गाड्यांना असते. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. मास्तर भला माणूस, स्वतःच्या गाडीचं उणं स्वतः सांगत होता. मला ऐकू येत नाही, एवढं म्हणायचा अवकाश होता.

"टायरचा आवाज आहे तो," सहादू म्हणाला. "टायर जुनं झालं का बोलायला लागतं. माणसासारखंच."

सगळे हसले. मास्तरांनी तर सुटकेचा श्वास टाकला. तेजल म्हणाली, "मला भलतंच काही वाटलं, पण बाबांना जास्त कळतं." परत आल्यावर चहा आला. सहादूनं बशीत ओतून तो शेवटच्या थेंबापर्यंत घेतला.

व्यवहार उरकून दुपारी बाराच्या सुमारास गाडी म्हसरूळला दारात उभी राहिली. मालनबाई ताट घेऊन बाहेर आली. तिनं बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि एकेका चाकाला वाकून हळदकुंकू लावू लागली. मागची दोन झाली, पुढचं उजवं झालं. डाव्या चाकाशी तिनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"आई गं! हे चाक लय तापलंय."

"ब्रेकनं तापतं मामी," रवी म्हणाला. "सिन्नरवरून आलीय ना."

मालनबाई हसली आणि तिनं लांबूनच कुंकू उडवलं. सहादू मात्र खाली बसला. त्यानं पालथा हात एका चाकाच्या मध्यावर धरला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिन्ही कोमट होती. चौथ्याजवळ हात नेववेना. वर्कशॉपात रोज गाडी आली की तो असाच पालथा हात फिरवायचा. एकच चाक तापलं तर बस जागची हलवायची नाही, हे त्यानं किती पोरांना शिकवलं होतं. बेअरिंग गेलं की आधी ते घूं करतं, मग तापतं, मग चाक सुटतं. आज तो सगळं करून बसला होता, फक्त घाटापासून परत आल्यावर सिन्नरच्या अंगणात चाकाला हात लावायचं राहिलं होतं. कानाचा तोरा दाखवण्याच्या नादात हात विसरला होता.

"चला, माझी दोनची ड्युटी," तेजल किल्ली घेऊन आत बसली. "इथल्या पेठ नाक्यावरून दोन सिस्टरना घ्यायचंय. त्यांना कालच सांगून ठेवलंय."

सहादू तिच्या खिडकीशी गेला. "आजचा दिवस जीपनं जा."

"का?"

"आज... दिवस बरा नाय."

"तुम्ही कधीपासून दिवस बघायला लागलात?" ती हसली. मग त्याचा चेहरा बघून थांबली. "बाबा, तुम्ही चहा घेतला होता ना?"

ते तिनं इतक्या भरवशानं विचारलं की सहादूला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. एक मन म्हणालं, ब्रेकच असेल. उद्या गुपचूप बेअरिंग बदलून टाकू, कुणाला कळणार आहे? पण आज सावळघाट होता, वळणं होती, आणि गाडीत तिघी असणार होत्या. त्यानं खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि काढून घेतली.

"मला ऐकू येत नाय," तो म्हणाला. "दोन वर्सं झाली. तुला आणि मास्तरला जो आवाज आला ना, तो मला आलाच नाय. मी खोटं बोललो. ते टायर नाय, बेअरिंग हाय."

रवीनं जॅक काढला आणि चाक वर उचललं. खालून-वरून धरून हलवलं तर ते पडायला आलेल्या दातासारखं हललं.

"दोन वर्सं," मालनबाई हातातलं ताट तसंच धरून म्हणाली, "मला वाटायचं, तुमी मुद्दाम माझं ऐकत नाय."

तेजल रडली नाही की रागावली नाही. तिनं वडिलांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि पर्स घेऊन जीप गाठायला निघाली. सहादूला फार हलकं वाटलं. लेक वाचली होती. अब्रू गेली तर जाऊ दे, तिचं काय लोणचं घालायचंय, असं त्याला खरोखर वाटलं. तेवढ्यात रवी हात पुसत समोर आला आणि त्याला दिसेल असं हळू हळू बोलला.

"मामा, दोन वर्षांत अजून किती गाड्यांना हो म्हणालात?"

सहादूनं बोटांवर मोजलं. बोटं संपली तरी गाड्या संपल्या नाहीत. एकूण तेरा होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या बसनं तो निघाला. सुरुवात त्या तेरांतल्या गोटीरामपासून करायची होती, कारण त्याचं गाव कोटंबी घाटापलीकडं पेठच्या अंगाला होतं आणि त्याच्या गाडीला रोज घाट होता. त्याला फोन लावून बघितला होता, पण पलीकडचं बोलणं सहादूला उमगलं नाही. मालनबाईनं लावला तेव्हा तो बंदच होता. नऊच्या सुमारास तो गोटीरामच्या अंगणात पोचला. गाडीच्या जागी ऑइलचा डाग होता आणि त्यावर कोंबड्या फिरत होत्या.

गोटीरामची बायको भागीबाई ओटा सारवत होती. सहादूला बघून तिनं पदर सावरला. "या मिस्त्री! पन हे तं नाय घरी. पहाटंच वणीच्या गडाला गेले समदे. लेक, सून, नातू. सहा जनं बसले गाडीत."

सहादू तिच्या ओठांकडे बघत होता. "गाडी कशी हाय?" त्यानं विचारलं. "काही आवाज बिवाज?"

"येतो की! लय येतो," ती हसून म्हणाली. "मी म्हनलं, दाखवा कुठं तरी. तं हे म्हनत्यात, काय होत नाय, मिस्त्रीनं आपल्या घरी चहा घेतलाय."

सहादू म्हणाला, "फोन लावा त्याला. म्हणावं, असाल तिथं थांबा."

तिनं लावला, कानाशी धरला, पुन्हा लावला. "घाटात रेंज नाय," ती म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं. "काय झालं मिस्त्री?"

त्यानं तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. ती ऐकत उभी राहिली. मग आत गेली आणि, घरी आलेल्या माणसाला तसं ठेवू नये म्हणून असेल, चहाचा कप आणून त्याच्यापुढं ठेवला. स्वतः फोन हातात घेऊन उंबऱ्यात बसली.

चहावर साय धरली. सहादूनं कपाला हात लावला नाही. गाडी आली तरी तिचा आवाज त्याला येणार नव्हता. म्हणून तो ओट्याच्या कडेला, रस्त्याच्या वळणाकडे तोंड करून बसला, आणि नजर हलू दिली नाही.