न आलेला भाऊ

व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहिणाऱ्या त्या माणसाला वाचक 'काटा' म्हणत. काही जण तराजूचा काटा म्हणून म्हणत, काही जण पायात रुततो तो म्हणून. दोन्ही अर्थ त्याला मान्य होते. गेम बनवणाऱ्या कुणाशीही तो बोलत नसे. कंपन्यांनी पाठवलेले टी-शर्ट, मग, बाहुल्या तो ऑफिसच्या दारातूनच परत धाडी. या धंद्यात मैत्री केली की लिहिताना हात अडखळतो, असं त्याचं म्हणणं. धंद्याबाहेर मैत्री करायला कुणाची आडकाठी नव्हती, पण ते राहूनच गेलं होतं. घरी दोन खुर्च्या होत्या. एकीवर तो बसायचा आणि दुसरीवर वायरींचा गुंता.

तर एकदा संपादकबाईंनी त्याला बोलावलं.

"ती बंदरावरच्या खुनाची गोष्ट बनवणारी मंडळी आठवतात ना? त्यांचा नवा गेम आलाय. वाचक माझं डोकं खातायत. हा तूच लिही."

ती मंडळी म्हणजे दोनच माणसं होती आणि त्यांनी आपली नावं कधी जाहीर केली नव्हती. त्यांचा पहिला गेम भलताच गाजला होता. त्यात तुम्ही काय बोलता, कुणावर विश्वास ठेवता यावर शेवट बदलायचा आणि लोकांनी ते सगळे शेवट धुंडाळून काढले होते. नव्या गेमच्या जाहिरातीत एवढंच दिसत होतं: एक अंधारा जिना, वर चढत येणारी पावलं आणि पलंगावरून दाराकडे बघणारा एक म्हातारा. तेवढ्यावर इंटरनेटवर तर्कांना ऊत आला होता. येणारा खुनी आहे. येणारा भूत आहे. येणारा पोरगा आहे आणि त्याला घर लाटायचंय.

काट्याने पडदे ओढले, हेडफोन चढवले आणि गेम सुरू केला.

खेळणारा म्हणजे एक मुलगी. बाप अर्धांगवायूने पडलेला. त्याची कूस बदलायची, चमच्याने सूप भरवायचं, पाठीला पावडर लावायची, खिडकी उघडायची, ऊन आत आलं की पडदा लावायचा. सगळं हळू चाललेलं. घाईने चमचा पुढे केला तर बापाला ठसका लागायचा. काट्याला हे आवडलं. कागदावर त्याने लिहून ठेवलं, 'गेममध्ये पहिल्यांदाच हात जपून चालवावा लागला.'

मग तो स्वयंपाकघरात गेला. नळाला फडकं बांधलेलं होतं. खिडकीची कडी मोडलेली आणि तिच्या जागी जुन्या टूथब्रशची दांडी खोचलेली. त्याला वाटलं, अशी घरं असतातच. परत खोलीत आला तर बापाने मान वळवून, जड जिभेने विचारलं,

"वादळ आलं का?"

काट्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

त्याच्या वडिलांनी त्याला लहानपणापासून वादळच म्हटलं होतं. शाळेतून आला की दार आपटायचा, दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे. "आलं का वादळ?" ते आतून ओरडायचे. घराबाहेर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात माणसं तीनच होती. त्यातले वडील आता नव्हते. एक तो स्वतः, आणि दुसरी त्याची धाकटी बहीण, छोटी. ती शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, एवढंच त्याला माहीत होतं. वडील गेल्यावर फोन कमी होत गेले आणि मग थांबले. भांडण असं झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं.

पाणी पिऊन तो परत बसला आणि गेम शेवटपर्यंत खेळला. बाप रोज दुपारी विचारायचा, वादळ आलं का? मुलीला उत्तर निवडावं लागायचं. 'निघालाय.' 'उद्या येईल.' 'माहीत नाही, बाबा.' काहीही निवडलं तरी भाऊ येत नव्हता. शेवटी जिन्यावर पावलं वाजली, वर वर आली आणि दारावरून पुढे वरच्या मजल्याकडे निघून गेली. बापाने डोळे मिटले. मुलीने पडदा लावला. संपलं.

काट्याच्या अंगाचा तिळपापड झाला. बाबा असेच पडून होते तेव्हा मी आलो होतो! तो रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाला. आलो होतो की नाही? वर-खाली होणारा तो पलंग कुणी आणला? त्या डॉक्टरला कुणी झापलं? तो नळ, ज्याला ही अजून फडकं बांधून दाखवतेय, तो कुणी दुरुस्त केला?

त्याच तिरीमिरीत त्याने परीक्षण लिहून काढलं. हात असा चालला होता, जसा बऱ्याच दिवसांत चालला नव्हता. वाक्यं चपखल बसत गेली. सुरुवातीची स्तुती, संथपणाचं कौतुक, आणि मग शेवटावर घाव. 'हा शेवट अप्रामाणिक आहे,' त्याने लिहिलं आणि धाडून द्यायच्या आधी नेहमीसारखं एकदा वाचलं.

'अप्रामाणिक' या शब्दावर तो अडला. एका खोट्या मुलीचा खोटा भाऊ येत नाही, यात अप्रामाणिक ते काय? गेममधलं सगळं त्याच शेवटाकडे जात होतं. तो शब्द कुठून आला हे त्याला कळत होतं. त्याने शब्द खोडला. मग उरलेल्या वाक्यांकडे पाहिलं आणि त्यातलं कुठलं परीक्षकाचं आणि कुठलं भावाचं, हे त्याला सांगता येईना. स्तुतीसुद्धा. तीही कदाचित गेमची नसून छोटीचीच असेल. त्याने सगळंच पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो संपादकबाईंसमोर उभा राहिला.

"हा गेम मला लिहिता येणार नाही. बनवणारी माझी बहीण आहे."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "तुला बहीण आहे?"

"आहे."

"इतकी वर्षं इथे बसतोस..." बाई थांबल्या. मग त्यांच्यातली संपादक जागी झाली. "अरे, मग तेच लिही की! 'माझ्या बहिणीचा गेम.' आधीच सांगून टाकायचं, लपवाछपवी नाही काही. लोक उड्या टाकतील."

"नाही लिहिणार. आणि तिचं नावही बाहेर जायला नको. तिने लपवलंय, ते तिचं तिने सांगावं."

"पक्का दगड आहेस," बाई म्हणाल्या, पण आवाजात राग नव्हता.

गेम गेला 'वकिला'कडे. हा सहकारी पूर्वी कोर्टात उभा राहायचा, म्हणून ते नाव. काट्याने त्याला चकार शब्द सांगितला नाही, आणि वकिलानेही विचारलं नाही. तो शेजारच्याच टेबलावर बसून खेळायचा. त्याच्या हेडफोनमधून कधीकधी चमच्याचा बारीक आवाज यायचा. काटा त्या वेळी जिन्यात जाऊन उभा राहायचा.

वकिलाने दहापैकी सहा दिले. 'पावलांची जाहिरात करायची आणि कुणालाच आणायचं नाही, ही खेळणाऱ्याची फसवणूक नव्हे काय?' असं त्याने विचारलं होतं. परीक्षण नेटकं होतं. काट्याला त्यात खोट काढता आली नाही आणि याचंच त्याला वाईट वाटलं.

खेळणाऱ्यांनी तर रानच पेटवलं. पहिल्या गेमने त्यांना सवय लावली होती की नीट शोधलं तर सगळं सापडतं. ते भावाला शोधायला लागले. कुणी म्हणे, बापाला एकदाही ठसका लागू दिला नाही तर तो येतो. कुणी म्हणे, सतत खरं बोललं तर येतो. एकाने तर गेमच्या फायली उघडून पाहिल्या आणि जाहीर केलं की भावाचं चित्रच काढलेलं नाही. मग शिव्या सुरू झाल्या. आळशी. लबाड. अर्धवट गेम विकला. आणि मग एक अर्ज फिरू लागला: भावाला आणा. हजारोंनी सह्या केल्या. काटा डबा खाता खाता ते वाचत बसायचा. आपण यावं म्हणून एवढी माणसं कधी आसुसतील, असं त्याला वाटलं नव्हतं.

अशाच एका दुपारी फोन वाजला.

"दादा, मी बोलतेय."

"हं."

"खेळलास?"

"खेळलो."

"तुझ्या साइटवर दुसऱ्याने लिहिलं, तेव्हाच कळलं की तू खेळलायस. भेटशील? फोनवर नाही बोलता येणार. पण कामावरून मला फार वेळ निघता येत नाही."

चित्रांची कामं कमी मिळायला लागल्यापासून ती एका चष्म्याच्या दुकानात नोकरी करत होती. दुकानामागच्या छोट्या बागेत, जेवणाच्या सुट्टीत, ते एका बाकावर बसले. ती बारीक झाली होती. केस कापले होते. त्याला वाटलं, आपण काहीतरी म्हणावं, बरी दिसतेस वगैरे, पण तोवर तिने डबा उघडून अर्धं सँडविच त्याच्या हातात दिलं होतं.

"माझा भागीदार मागे लागलाय," ती म्हणाली. "भावाला आणू या, म्हणतो. एक शेवट वाढवायचा. दार वाजतं, भाऊ आत येतो, बाबा हसतात. पटकन होईल म्हणतो. लोक शांत होतील, खपही वाढेल."

"मग?"

"मी चित्र काढायला बसते आणि मला तुझा चेहराच येत नाही."

काट्याच्या पोटातलं इतक्या दिवसांचं ओठांवर आलं. "मी आलो होतो, छोटे."

"आलास की."

"मग तसं का दाखवलंस?"

तिने तोंडातला घास संपवला. "तू आलास. पलंग आणलास. डॉक्टरांना झापलंस. नळ दुरुस्त केलास, तो तू गेल्यावर पुन्हा गळायला लागला, ते सोड. सतत काहीतरी करत होतास. खोलीत यायचास तो पलंगाचे बोल्ट बघायला. मला बरंच वाटलं होतं रे, खोटं नाही सांगत. घरात कुणीतरी आवाज करतंय. मग तू गेलास. त्या दुपारी मी बाबांची कूस बदलत होते, तर मला विचारतात, 'वादळ आलं का?'"

बागेच्या कडेने कुणीतरी सायकल ढकलत गेलं.

"त्यांना आठवलं नसेल," काटा म्हणाला. "आजारात होतं तसं."

"असेल. डॉक्टरही तेच म्हणाले."

"तू काय सांगितलंस?"

"उद्या येईल म्हटलं."

तो सँडविचकडे बघत राहिला. खाण्यासारखं ते वाटेना आणि टाकताही येईना. ती त्याला दोष देत नव्हती, हे त्याला दिसत होतं. दोष दिला असता तर त्याला उत्तर देता आलं असतं. मुद्दे होते त्याच्याकडे.

"सांग ना," ती म्हणाली. "आणू का भावाला?"

"मला नको विचारूस. या बाबतीत मी निष्पक्ष नाही."

"निष्पक्ष माणसं मला पुरून उरलीत, दादा. रोज शेकड्यांनी लिहितात. मी तुला विचारतेय."

त्याला आत जायचं होतं, त्या खोट्या खोलीत, त्या खोट्या पलंगाशी. दार वाजावं, बाबांनी हसावं आणि जगभरच्या लोकांनी आपापल्या घरी बसून ते पाहावं. एक 'हो' म्हटलं की झालं असतं. तिने मन लावून त्याचा चेहरा काढला असता.

"नको आणूस," तो म्हणाला. "तो आला तर त्या मुलीने आजवर जे केलं ते सगळं त्याची वाट बघणं होऊन बसेल. लोक त्याच्यासाठीच खेळतील. सूप भरवणं राहील बाजूला."

तिने डब्याचं झाकण लावलं. मग नाक पुसलं आणि म्हणाली, "हे छापलं असतंस तर दहापैकी किती दिले असतेस?"

"ते नाही सांगणार."

ती हसली. लहानपणी हसायची तशी, खांदे उडवून. तोही हसला. मग तिने विचारलं, जेवणबिवण नीट करतोस ना? त्याने विचारलं, दुकानात उभं राहावं लागतं का? अशी विचारपूस शेजारीही करतात.

भाऊ आला नाही. छोटीने तसं जाहीर केलं, एका ओळीत, कारण न देता. लोक चिडले, मग कंटाळले, मग दुसऱ्या कुठल्या गेमच्या जाहिरातीवर तर्क लढवायला लागले. खप बेताचाच राहिला. भागीदार नोकरीला लागला. कधीमधी एखादा माणूस तिला लिहायचा की, माझी आई अशीच पडून होती, ठसक्याचं अगदी तसंच असतं. तसं काही आलं की ती ते दादाला पाठवायची. सोबत स्वतःचं काही लिहीत नसे. तो वाचून 'छान' असं उत्तर टाकायचा, आणि त्यापुढे आणखी काही लिहावं म्हणून फोन हातात धरून बसायचा.

पण बागेतल्या त्या दुपारी, सुट्टी संपल्यावर, तिने डबा पिशवीत टाकला आणि घड्याळ बघत उठली.

"ये कधीतरी," ती म्हणाली. मग स्वतःच गोंधळली. "म्हणजे, ते घर नाही आता. मी खोली घेऊन राहते. लहान आहे."

"येईन."

"काही आणू नकोस. दुरुस्तही करू नकोस काही."

"मग काय करू येऊन?"

तिला वाटलं तो थट्टा करतोय. तो खरंच विचारत होता. ती हात हलवून निघाली आणि दुकानाच्या मागच्या दाराने आत गेली. काचेतून ती पांढरा कोट चढवताना दिसली, मग एका म्हाताऱ्या बाईंच्या नाकावर चष्म्याची फ्रेम ठेवून, दोन्ही हातांनी हलकेच, त्यांच्या कानांमागे बसवताना. बाई काहीतरी म्हणाल्या, तशी तिने फ्रेम काढली, दांडी किंचित वाकवली आणि पुन्हा बसवली.

काटा बाकावर बसून ते पाहत राहिला. शेजारी एक आजोबा येऊन टेकले आणि त्यांनी विचारलं, "कुणाची वाट बघताय का?"

"नाही," तो म्हणाला आणि त्यांना ऐसपैस बसता यावं म्हणून जरा सरकून बसला.