बाहीची पट्टी

"सूट चालतोय," गळ्याजवळचं लेबल बघून शर्यतीचे तपासनीस म्हणाले. तेजस्वी बापाकडं बघून हसली. मष्णूला मात्र हसू येईना.

मष्णू वडगावातला शिंपी. शर्यतीत गाडीनं पेट घेतला तर अंग भाजू नये म्हणून घालायचा हा सूट त्यानंच लेकीला मोबाईलवरून स्वस्तात मागवून दिला होता. "परदेशी माल हाय, आगीत टाकला तरी जळत न्हाय," असं गल्लीभर मिरवूनही झालं होतं. बाह्या लांब झाल्या म्हणून काल त्यानं कात्री लावली. वडगावात रेशीम खरं की खोटं, हे दोरा जाळून बघतात. त्याच सवयीनं मष्णूनं कातरलेल्या पट्टीला काडी लावली. पट्टी भुर्रकन पेटली, वितळली आणि तिची काळी टणक गोळी झाली.

त्यानं ती गटारात टाकली आणि बाह्या शिवून सूट लेकीला दिला. गल्लीला काय तोंड दाखवायचं, एवढंच त्या शहाण्याच्या डोक्यात होतं. तपासणीत सूट आपोआप नापास होईल, आपल्याला बोलावं लागणार नाही, अशी त्याची आशा होती. पण खोट्या लेबलनं साहेबांनाही फसवलं.

येळ्ळूरच्या माळावर धुरळा उठला. तेजस्वीनं गाडीत बसून पट्टे आवळले. गल्लीतली माणसं टाळ्या वाजवू लागली. मष्णू दोरी ओलांडून धावत सुटला.

"सायेब, थांबवा! सूट बनावट हाय. जळतोय त्यो!"

"कशावरून?"

"म्या जाळून बघितलाय की."

टाळ्या थांबल्या. तपासनिसांनी गाडीजवळ जाऊन तिच्या बाहीच्या शिवणीच्या आतलं कापड कातरून सगळ्यांदेखत पेटवलं. तशीच काळी गोळी झाली. "उतरा खाली," ते तेजस्वीला म्हणाले.

ती उतरली. हेल्मेट काढलं.

"कवा बघितलासा, आप्पा?"

"काल."

"काल?" ती बघतच राहिली. "आन् आज सकाळी मला ह्यो सूट तुमीच घातलासा. चेनबी तुमीच वर ओढलीसा."

मष्णूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळी गल्ली बघत होती, पण आता त्याला गल्लीचं काही वाटत नव्हतं.

तेजस्वी सूट काढू लागली. चेन अर्ध्यावर अडकली. मष्णूचा हात आपसूक पुढं गेला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून एकटीच चेनशी झटत राहिली.