खातेदाराशी बोलायचं होतं

नव्या टीव्हीवर तीच ओळ चौथ्यांदा उमटली, तेव्हा त्याने रिमोट उशीखाली सारला. 'हा चित्रपट या उपकरणावर पाहण्याची आपल्याला परवानगी नाही.'

"लागला का रे?" आईने खुर्चीतून विचारले.

"लागतोय. जरा वेळ घेतोय."

दोन वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली आणि मागच्या हिवाळ्यात वडील गेले. वडील आवाजाचे कलाकार. हयातभर दुसऱ्यांच्या तोंडी आपला आवाज घालत आले. या चित्रपटात त्यांनी बोटीच्या कप्तानाला आवाज दिला होता. कप्तानाचे काम करणारा नट दिसायला दांडगा, पण तोंड उघडले की सगळी हवा जायची, म्हणून वडिलांना बोलावले होते. चेहरा परका आणि आवाज घरचा, हे बघणाऱ्याला खटकायचे. आईला आता ती अडचण उरली नव्हती. रोज दुपारी ती तो चित्रपट ऐकायची. चार दिवसांपूर्वी जुना टीव्ही कायमचा बंद पडला आणि तेव्हापासून तिचे जेवण निम्म्यावर आले होते.

चित्रपट वडिलांनी स्वतः घेतलेला. "भाड्याचा नाही, विकतचा आहे," असे ते आल्यागेल्याला सांगायचे.

तो स्वयंपाकघरात गेला, दार लोटून घेतले आणि कंपनीला फोन लावला. तो छापखान्यात मुद्रिते तपासायचा. दिवस दिवस तोंड न उघडता चालणारे काम. एरवीही तो हलक्या आवाजातच बोलायचा. मिसरूड फुटल्यापासून फोनवर लोक त्याला वडीलच समजत आले होते. त्याला त्याचा राग यायचा, म्हणून त्याने आवाज खाली आणला आणि तो खालीच राहिला.

"नवीन टीव्ही जोडायचा तर खातेदाराशी बोलावं लागेल, सर," पलीकडची मुलगी म्हणाली. "खातेदार आपणच का?"

"माझे वडील."

"आहेत का ते जवळ?"

त्याने ओट्यावरचे ओले फडके उचलले आणि त्याची नीट घडी घातली.

"एक विचारू? समजा, एखादे खातेदार वारले, तर?"

"तर खातं बंद होतं. त्यातले चित्रपटही जातात."

"घरच्यांना नाही मिळत?"

"नाही सर. परवाना त्या व्यक्तीपुरता असतो."

"पण चित्रपट तर विकत घेतलाय."

"तो पाहण्याची परवानगी घेतली आहे, सर." हे वाक्य तिला दिवसातून बरेचदा म्हणावे लागत असावे. मग तिचा आवाज जरा उतरला. "तुमच्याकडे तसं काही झालंय का? झालं असेल तर मला नोंद करावी लागेल."

"छे, छे. बाहेर गेलेत ते."

"कधी येतील?"

"येतील एवढ्यात."

फोन ठेवून त्याने थोरल्या बहिणीला फोन लावला. ती कामात होती, पण तिने ऐकून घेतले.

"मग तूच बोल की बाबा म्हणून," ती म्हणाली. "आवाज काय वेगळा आहे तुझा?"

"ताई, खोटं आहे हे."

"बरं. मग आत जा आणि आईला खरं सांग, की आता चित्रपटही गेला."

त्याने पुन्हा कंपनीचा नंबर फिरवला. घंटी वाजत असताना, कुणी सांगितल्यासारखा, तो ताठ उभा राहिला. एक हात कमरेवर, हनुवटी किंचित वर. माइकसमोर वडील असेच उभे राहत.

"हं, बोला," तो म्हणाला.

फळीवरची भांडी किंचित थरथरल्यासारखी वाटली. त्याने वडिलांचे पूर्ण नाव सांगितले, जन्मतारीख सांगितली. एकदा मध्येच, "अहो, जरा लवकर आटपा," असेही म्हणून टाकले. ते त्याचे नव्हते. ते आपोआप आले.

"झालं, सर. टीव्ही जोडला गेला," मुलगी म्हणाली. "दर तीन महिन्यांनी आम्ही अशीच खात्री करून घेतो. आज आपला आवाज नोंदवून घेतलाय. पुढच्या वेळी तो जुळला की झालं."

"दर तीन महिन्यांनी?"

"हो सर. खातं चालू आहे तोवर."

त्याने दार उघडले. आई खुर्चीत बसली होती, पण तिचा चेहरा टीव्हीकडे नव्हता, स्वयंपाकघराच्या दाराकडे होता. त्याने चित्रपट लावला. समुद्राचा आवाज आला, मग भोंगा, मग कप्तान खलाशांवर कडाडला. ज्या वाक्याला ती रोज हसायची, ते वाक्य येऊन गेले.

"बंद कर," ती म्हणाली.

"का गं? एवढा खटाटोप करून..."

"त्यात ते दुसऱ्यांशीच बोलतात."

त्याने बंद केले. ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मघाशी आत बोललास ना, तसं बोल काहीतरी."

"आई, तो मी होतो."

"कळतं मला. डोळे गेलेत, अक्कल नाही गेली."

"काय बोलू पण?"

"काहीही. चहा मागितलास तरी चालेल."

तो वडिलांच्या खुर्चीपासून लांब, कॉटच्या कडेवर बसला होता. त्याने दोनदा घसा खाकरला. तिसऱ्यांदा आवाज आपल्या जागी जाऊन बसला.

"चहा होईल का जरा?"

आई उठली. गेले सहा महिने, हात भाजल्यापासून, त्याने तिला गॅसपाशी जाऊ दिले नव्हते. तिने भिंत चाचपली, दाराची चौकट चाचपली, आणि उंबऱ्यावर थांबून मान मागे वळवली.

"आणते," ती म्हणाली. "बसा तुम्ही."

तो अर्धवट उठला होता. त्या आवाजाचा माणूस कधी कुणाच्या मदतीला स्वयंपाकघरात गेलेला नव्हता. आत पातेले सापडल्याचा आवाज आला, मग लायटरचा, एकदा, दोनदा. गुडघे घट्ट धरून तो पुन्हा खाली बसला.